जुनी गाडी ठेवायची की नवी काढायची: बेळगाव भागातला वर्षाचा हिशेब

"गाडी विकली तर दोन लाख येतील आणि मिस्त्री कामाला साठ हजार सांगतोय, मग नवीच काढू की!" हे वाक्य ऐकू आलं की समजावं, हिशेब चुकीच्या टोकाला धरलाय. साठ हजार जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघायचे नसतात, नव्या गाडीच्या किमतीशी तर नाहीच. प्रश्न एवढाच असतो: पुढचं एक वर्ष ही गाडी ठेवायला सगळं मिळून किती लागतील, आणि त्याच वर्षी दारात नवी उभी असती तर किती लागले असते? गेल्या दिवाळीत टायर घातले, त्याआधी क्लच केला, ते पैसे कधीच गेले. "एवढं घातलंय, आता कशी विकू" हे जितकं चूक, तितकंच "एवढं घातलं, आता पुरे" हेही.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. २०१३ ची, केए-२२ (बेळगाव) पासिंगची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर पळालेली, आज विकली तर दोन लाख देणारी. वापर वर्षाला १०,००० किलोमीटर, म्हणजे रोजचं टिळकवाडी-उद्यमबाग, महिन्यातून एखादी कोल्हापूर किंवा गोव्याची खेप. समोर तशीच नवी गाडी, एक्स-शोरूम साडेसहा लाखांची. पेट्रोल लिटरला १०३ रुपये धरलंय. दुरुस्तीचे आकडे बाहेरच्या गॅरेजचे, ढोबळ आहेत; त्या जागी आपल्या मिस्त्रीचं कोटेशन आणि आपलं मीटर घाला, पद्धत तीच राहते.

नवी गाडी: किमतीवर चढणारे पैसे

कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स देशातल्या जड करांपैकी एक. पाच लाखांपर्यंतच्या गाडीला १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीस लाखांना १७ आणि त्यापुढे १८ टक्के. वर त्या कराच्या ११ टक्के उपकर. म्हणजे आपल्या साडेसहा लाखांच्या गाडीला प्रत्यक्षात १५.५४ टक्के, साधारण १,०१,००० रुपये. दहा लाखांची रेषा ओलांडणारं मॉडेल निवडताना इथेच जपायचं. ९.९० लाखांच्या गाडीचा कर सुमारे १ लाख ५४ हजार होतो, तर १०.१० लाखांच्या गाडीचा १ लाख ९१ हजार. सनरूफचं व्हेरियंट वीस हजारांनी महाग दिसतं, पण खिशातून सत्तावन्न हजार काढतं.

पहिल्या विम्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा, एकदम भरावा लागतो. २०२२ पासूनच्या दरांनी १००० ते १५०० सीसीला तो १०,६४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा वेगळा. शोरूमवाले देतील तोच विमा घ्यायचं बंधन नसतं. बाहेरचं कोटेशन काढून समोर ठेवलं की त्यांचा आकडा बहुतेक वेळा खाली येतो. आपल्या हिशेबात विम्याचे ३५,००० आणि नोंदणी, फास्टॅग, मॅट, किरकोळ यांचे १४,००० धरू. ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून रस्त्यावर येईपर्यंत, झाली आठ लाख.

जुनीचे दोन लाख आले, सहा लाखांचं कर्ज काढलं. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता येतो सुमारे १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज १,४७,००० रुपये. रोख घेणाऱ्यानं व्याज शून्य धरू नये. ते सहा लाख बँकेत वा सोसायटीत ठेवीवर असते तर जे मिळालं असतं, ते इथे खर्चात लिहायचं.

पाच वर्षांनी ही गाडी साडेतीन लाखांना गेली असं धरलं तर किमतीची घट साडेचार लाख. दोन्ही बाजूंच्या यादीतला हा सगळ्यात मोठा आकडा, आणि याचं बिल कुणीच हातात देत नाही म्हणून तो विसरला जातो. गॅरेजचे साठ हजार डोळ्यांत खुपतात. वर्षाला नव्वद हजार दारात उभ्या उभ्या वितळतात ते दिसत नाहीत.

उरलेलं: १९ किमीच्या अ‍ॅव्हरेजनं पाच वर्षांचं पेट्रोल २,७१,०००, दुसऱ्या वर्षापासूनचा विमा ५०,०००, सर्व्हिसिंग, एक टायरसेट, एक बॅटरी मिळून ५५,०००. सगळी बेरीज ९,७३,०००. वर्षाला सुमारे १,९४,६००.

हीच गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर चित्र बदलतं. दहा वर्षांनी १ लाख ६० हजार आले तर घट वर्षाला ६४,००० वर येते, व्याज १४,७०० वर. पेट्रोल ५४,२००, विमा सरासरी १०,५००, देखभाल (आता मोठी कामंही आली) २२,०००. वर्षाला १,६५,४००. म्हणून नवी घेताना पहिला प्रश्न "कुठली घ्यायची" हा नसून "किती वर्षं ठेवणार" हा आहे.

जुनी गाडी: तीच पाच वर्षं

आज दोन लाख, पाच वर्षांनी ऐंशी हजार. घट १,२०,०००.

पेट्रोल १६ किमीच्या अ‍ॅव्हरेजनं ३,२२,०००. डॅशबोर्डवरच्या अ‍ॅव्हरेजवर जाऊ नका. टाकी फुल्ल, मीटर शून्य, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल, असं तीन वेळा करून सरासरी काढा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यासाठी न बनलेल्या जुन्या इंजिनाचं अ‍ॅव्हरेज ३ ते ६ टक्क्यांनी पडू शकतं हे सरकारनंही मान्य केलंय. ऊस आपल्याच शिवारातला असला तरी मीटरला त्याचं कौतुक नसतं. जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील यांवर नजर ठेवायची; पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज.

विमा पाच वर्षांचा ४०,०००. यात गाडीच्या नुकसानीचा विमाही धरलाय. नुसता थर्ड पार्टी ३,४१६ अधिक जीएसटी एवढ्यात होतो, पण दोन लाखांची गाडी बिनविम्याची ठेवायची का ते ज्यानं त्यानं ठरवावं. आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत, ऐंशी हजारांच्या खाली आली की आम्ही नुसत्या थर्ड पार्टीच्या बाजूला झुकू.

नेहमीचं सर्व्हिसिंग वर्षाला दहा हजारांप्रमाणे ५०,०००. टायर-बॅटरी २४,०००. मोठी कामं: क्लच ९,०००, शॉकअप, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड मिळून २०,०००, एसी १५,०००, रेडिएटर, वॉटर पंप, होजपाइप ९,०००, पत्रा आणि रंग २०,०००. वर न सांगता येणारं ४०,०००. एकूण १,१३,०००. पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतील, तेव्हा आरसी नूतनीकरणाचे ८,०००. गाडी बंद पडली की टोइंग आणि भाड्याची गाडी, त्याचे १२,०००. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि जुनी गाडी उगाच आहे त्याहून स्वस्त दिसते.

बेरीज ६,८९,०००, वर्षाला १,३७,८००. नवीपेक्षा पाच वर्षांत २,८४,००० कमी.

आता हा हिशेब उलटा वाचा, खरा उपयोग तिथे आहे. जुनीच्या वर्षाच्या खर्चात सर्व्हिसिंग, टायर आणि कामं यांचे मिळून ३७,४०० धरलेत. नवी पाच वर्षांत बदलणाऱ्याला जुनीवर वर्षाला ९४,००० पर्यंत घालूनही तोटा नाही. नवी दहा वर्षं ठेवणाऱ्याची रेषा ६५,००० वर येते. आणि हे "दर वर्षी" आहे. एखाद्या वर्षी इंजिनाचं काम निघून सत्तर हजार गेले आणि पुढची चार वर्षं वीस-वीस हजारांत निघाली, तर सरासरी तीस हजार. रेषेच्या कितीतरी खाली.

अ‍ॅव्हरेजसाठी नवी घेण्याचा मोह अनेकांना असतो. १६ वरून १९ वर गेल्यानं १०,००० किमीला वर्षात दहा हजार वाचतात. हप्ता तेवढा एका महिन्यात खातो. २५,००० किमी पळणाऱ्यालाही पंचवीस हजारच. पण नवी सीएनजी असेल तर गोष्ट निराळी. किलोला ९० रुपये आणि २६ किमी धरले तर किलोमीटरला साडेतीन रुपये, जुन्या पेट्रोल गाडीला साडेसहाच्या जवळ. रोज लांबून बेळगावला येणारा, वर्षाला २५,००० किमी करणारा माणूस यात सुमारे पंचाहत्तर हजार वाचवतो. नवी गाडी निव्वळ हिशेबानं जिंकते ती मुख्यतः अशाच ठिकाणी. खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यानं मात्र आधी आपल्या वाटेवर पंप कुठे आहे ते बघावं.

इंजिनाआधी पत्रा बघा

वरचा सगळा हिशेब "गाडी अजून पाच वर्षं टिकेल" या गृहीतावर उभा आहे. ते खरं की नाही हे तासाभरात कळतं, आणि त्यासाठी गाडी लिफ्टवर चढलीच पाहिजे. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच पैसे टाकले की नवे होतात. सांगाडा होत नाही.

जांबोटी, कणकुंबी, खानापूर या बाजूचा पाऊस आणि तांबडी माती ही पत्र्याची खरी शत्रू. चाकांच्या वरच्या पोकळीत चिखल भरतो, वरून सुकल्यासारखा दिसतो, आत दिवाळीपर्यंत ओला असतो. चोर्ला किंवा अनमोड घाटानं गोव्याला वारंवार जाणाऱ्या गाडीला खाऱ्या हवेची जोड. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दारांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं ते घमेलं, मागच्या अ‍ॅक्सलचे माउंटिंग, मॅट उचलून पायाखालची फरशी, स्टेपनीचा खळगा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टणटण वाजलं तर बरं; भद आवाज आला किंवा पोपडा सुटला तर टोकानं दाबून बघा. आत गेलं तर पत्रा कुजलाय. रंग गुळगुळीत आहे पण पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक चिकटत नाही, तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

दाराच्या तळाला गंज, बॉनेटच्या कडेला गंज, हे दिसायला वाईट पण स्वस्त. शॉकअपच्या घमेल्याला किंवा अ‍ॅक्सल माउंटिंगला भेग वा भोक असेल तर गाडी ठेवण्याचा विचार सोडा. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण कुजलेल्या पत्र्याला कुजलेलाच पत्रा जोडला जातो आणि व्हील अलाइनमेंट पुन्हा बसत नाही. टायर एका कडेनं झिजायला लागले की ते कळतं.

मग इंजिन. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो त्याची मोजणी, करायला लावा. खर्च थोडा, माहिती भरपूर. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, इंधन आणि स्पार्क बंद केलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी दणकट. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर पाच-सहा फेरे मारायचा. आकडा मॅन्युअलशी ताडायचा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर झिजलेत. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पहिल्यात पूर्ण इंजिन उतरतं, दुसऱ्यात बहुतेक वेळा नुसतं हेड. दोन्हींच्या बिलात दुपटीहून जास्त फरक पडतो, म्हणून "इंजिन काम करावं लागणार" एवढ्यावर मान डोलवू नका.

धुराचा रंग तर सगळ्यांना पाठ असतो: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा म्हणजे कूलंट आत जातंय. पण एक फसवी खूण सांगायला हवी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरवतात. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेनंही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, कूलंटची पातळी उतरत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तर झाकण पुसा, गाडी हायवेला अर्धा तास पळवा आणि पुन्हा बघा.

बाकी झटपट: बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५. टायरवरचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा, सहा वर्षं झाली की नक्षी उरली असली तरी बदलायचे. एसीत दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गळतोय. गॅसवर पैसे घालणं थांबवून गळती शोधा. डिझेल गाडीत इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (किती डिझेल परत गळतं ते मोजणं) आणि टर्बोच्या शाफ्टचा खेळ यांशिवाय पुढे जाऊ नका. चार इंजेक्टर आणि टर्बो एकाच वर्षात निघाले तर तेवढ्यानंच ९४ हजारांची रेषा ओलांडली जाऊ शकते, आणि जुनी डिझेल पेट्रोलपेक्षा लवकर विकावी लागते ती याचमुळे.

काम करायचं ठरलं तर

एका मजुरीत जेवढं बसतं तेवढं बसवा. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवे. क्रँकचं मागचं ऑइल सील तिथेच दिसतं, तेही बदला. नुसती प्लेट घालून वाचवलेले दोन हजार सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला जातात. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच दिवशी. बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो.

या कामांत बेळगावकर नशीबवान. उद्यमबागेत हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग जवळच होतं, चंदगडपासूनच्या गाड्या इथे येतात. हेड उतरलं की आधी सरळपट्टी आणि फीलर गेजनं वाक मोजायला लावा, मग फेसिंग. किती माल घासून काढला ते लिहून घ्या, कारण हेडमधून मर्यादेबाहेर माल काढला तर कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं. सुट्या भागांत कंपनीच्या डब्यातला आणि कंपनीला पुरवठा करणाऱ्याच्याच डब्यातला, दोन्ही चालतील. डुप्लिकेट लोअर आर्म आणि ब्रेक पॅड मात्र फुकट दिले तरी नकोत. जुने भाग परत मागायचे. भांडण म्हणून नव्हे, झीज बघायला.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी मोडीत नाही

दिल्ली परिसरातला, जुन्या गाड्यांवर बंदी घालणारा दहा-पंधरा वर्षांचा नियम आपल्याकडे लागू नाही, तरी तो सांगून गाड्या स्वस्तात उचलल्या जातात. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची. फी पंधरा ते वीस वर्षांच्या कारला ५,००० रुपये, वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. उशीर केला तर महिन्याला ५०० वाढतात. शिवाय ग्रीन टॅक्स. त्याआधी पीयूसी, विमा, थकीत चलन आणि नव्या नमुन्याची नंबरप्लेट हे सगळं जाग्यावर हवं. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला ती प्लेट वेगळी मागवावी लागते. कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, ही सगळ्यात नेहमीची अडचण. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आत्ताच काढून टाका. बँकेच्या एनओसीची मुदत संपली तर नवीसाठी पुन्हा हेलपाटे.

पैशात न मोजता येणारं

२०१३ च्या साध्या मॉडेलला बहुधा एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२२ पासून. गळिताच्या हंगामात चिकोडी-निपाणी रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. रोज तिथून जाणाऱ्यानं, किंवा लहान मुलं घेऊन घाट चढणाऱ्यानं वर्षाचे सत्तावन्न हजार जास्त मोजून नवी गाडी घेतली तर तो हिशेबात चुकला असं कुणी म्हणू नये. फक्त कारण स्वतःशी खरं सांगावं. "जुनी परवडत नाही" हे बहुतेक वेळा ते कारण नसतं.

सीमेपलीकडची स्वस्त गाडी

महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीचा कर ११ टक्के. साडेसहा लाखांवर ७१,५००, म्हणजे आपल्यापेक्षा जवळजवळ तीस हजार कमी. शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, मावशी कोल्हापुरात, मग एमएच-०९ पासिंग करून टाकू, ही कल्पना दर दसऱ्याला कुणाला ना कुणाला सुचते. राहता बेळगावात आणि पत्ता तिथला, तर बारा महिन्यांनंतर कायद्यानं गाडी इथे नोंदवावीच लागते आणि इथला कर भरावा लागतो. तिथला कर परत मिळवणं वेगळं काम. अपघाताच्या दाव्यात पत्त्याची चौकशी निघाली तर तीस हजारांचा फायदा महागात जातो.

जुनी गाडी सीमेपलीकडून आणणं मात्र रीतसर होऊ शकतं, आणि तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी हा नवी-जुनीच्या मधला चांगला पर्याय आहे, कारण किमतीची सगळ्यात मोठी घट पहिल्या मालकानं सोसलेली असते. पण भाव करताना कागदांचा खर्च आधी धरा: मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि गाडीच्या वयाप्रमाणे उतरत जाणारा कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. तो टॅक्स किती होईल हे आरटीओत विचारून मगच टोकन द्या. कोल्हापुरात चाळीस हजारांनी स्वस्त वाटलेली गाडी केए-२२ होईपर्यंत बेळगावच्या भावालाच येते, असं पुष्कळदा होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नव्यांच्या किमती उतरल्या की वापरलेल्यांच्याही उतरायला हव्यात. त्याआधीचा भाव सांगणाऱ्याशी घासाघीस करायला हा मुद्दा पुरतो.

विकताना

एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीची किंमत हे दोन आकडे शोरूममध्ये वेगवेगळे लिहून मागा. एकत्र सांगितले की बोनस दिसतो आणि गाडीच्या भावात तेवढेच कापलेले असतात. बाहेरचे दोन भाव आधी काढून ठेवा. पत्रा कुजलेली, विकली न जाणारी गाडी असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथलं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि हे सर्टिफिकेट दुसऱ्याला विकताही येतं. भंगारवाल्याला सुटी विकली तर आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते.

नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के. विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात तेवढी सूट मिळते. पत्र तीन वर्षं चालतं.

आणि एजंटाच्या हातात कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळं होऊ नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी मधल्या मधे तीन हातांतून गेली असली तरी. चावी देताना तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, दोघांच्या सह्या, आणि महिनाभरानं परिवहनच्या साइटवर नंबर टाकून नाव बदललं का ते बघणं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर कोगनोळी टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील.